सायकलने डोंगर कसा चढावा?



आपल्या रावेर तालुक्यात खाली केळीच्या बागा आहेत आणि उत्तरेला सातपुडा पर्वत आहे. बागेतल्या सपाट वाटेवर कोणीही सायकल चालवतो. डोंगराच्या वाटेवर मात्र चढ, उतार, मुरूम आणि काटे असतात. तिथे सायकल कशी चालवावी ते मी आज सांगणार आहे.

माझ्या मामाचे गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. तिथून एका टेकडीवर बैलगाडीची वाट जाते. जाऊन येऊन बारा किलोमीटर होतात. दिवाळीच्या सुट्टीत मी मामाबरोबर निघालो. चढावर मामा म्हणाला, "उतर रे, ढकलत ने." मला लाज वाटली. मी उतरलो नाही. उभा राहून पायडल मारत राहिलो. पायात गोळा आला. तरी टेकडीपर्यंत न जाता परत फिरलो, तेव्हा उतारावर घाईत फक्त पुढचा ब्रेक दाबला आणि हँडलवरून पुढे पडलो. गुडघा फुटला. आई म्हणाली, "पुन्हा पडलास तर सायकल बंद!"

मग मी मामाला विचारले, माझे काय चुकले? मामाने सायकल उलटी केली व मला दात मोजायला लावले. पुढच्या दातेरी चाकाला ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात. ४४ ला १८ ने भागले तर भाग २ वेळा जातो आणि बाकी ८ उरते. म्हणजे पायडल एकदा फिरवले की मागचे चाक दोनदा फिरते आणि वर थोडे आणखी फिरते. सपाटीवर हे बरे, सायकल पळते. पण चढावर तेवढेच जड लागते.

डोंगरासाठी वेगळी गिअरची सायकल असते. मामाने मोबाईलवर दाखवली. तिच्या पुढे ३२ दात आणि मागे मोठ्यात मोठे ५० दातांचे चाक असते. मग पायडल एकदा फिरवले तरी चाक पूर्ण एकदाही फिरत नाही. सायकल हळू जाते, पण पायाला हलके लागते. अशा सायकली सुमारे पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत सुरू झाल्या. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलची शर्यत पहिल्यांदा झाली. आपल्या देशात हिमाचल प्रदेशात २००५ पासून अशी शर्यत सुरू झाली.

आपल्याजवळ गिअर नाही. मग आपले गिअर म्हणजे उतरणे! चढ फार झाला की उतरून ढकलावे. पाय दमण्याआधीच उतरावे, दमल्यावर नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र महाजन व डॉ. महेंद्र महाजन या दोन भावांनी २०१५ साली अमेरिकेतली सुमारे ४८०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली. ती सडकेवरची होती. ते आळीपाळीने चालवत होते. एक चालवायचा तेव्हा दुसरा विसावा घ्यायचा. मोठी माणसेसुद्धा विसावा घेतात, तर आपल्याला कशाची लाज?

आता लक्षात ठेवायच्या गोष्टी :

१) उतारावर दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावे. फक्त पुढचा जोरात दाबू नये. अंग सीटवर मागे सरकवावे.

२) मुरुमावर हँडल एकदम वळवू नये.

३) चाकात दगडासारखी हवा भरू नये, चाक घसरते. फार कमीही नको, ट्यूब चिमटते.

४) बाभळीचा काटा लागतोच. पंक्चरचे सामान व पंप न्यावा.

५) तहान लागण्याआधी पाणी प्यावे. बरोबर केळी व गूळ-शेंगदाणे न्यावे.

६) उन्हाळ्यात दुपारी जाऊ नये, आणि एकटे तर कधीच जाऊ नये.

७) पालकडचे जंगल यावल अभयारण्यात येते. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय आत शिरू नये.

संक्रांतीला आम्ही पुन्हा निघालो. मी चार वेळा उतरलो. एकदा तर एक म्हातारी डोक्यावर मोळी घेऊन माझ्या पुढे निघून गेली! पण या वेळी पायात गोळा आला नाही. आम्ही टेकडीवर पोचलो. खाली सगळ्या केळीच्या बागा दिसत होत्या. मी आपली शाळा शोधली, पण ती सापडली नाही. उतरताना दोन्ही ब्रेक धरले.

घरी गेल्यावर आईने आधी माझा गुडघा पाहिला. मग विचारले, "पडलास का?"

मी म्हणालो, "नाही आई, उतरलो."

— इयत्ता चौथी