हृदयाची भट्टी आणि तिच्या ठिणग्या



तासाभराचे हे व्याख्यान संपेल तोवर आपणा प्रत्येकाचे हृदय चार हजारांहून अधिक ठोके देऊन मोकळे झालेले असेल. या श्रमासाठी ते एटीपी नावाचे ऊर्जाधारी द्रव्य दिवसाकाठी सुमारे सहा किलो तयार करते, असा हिशेब मांडला गेला आहे. खुद्द हृदयाचे वजन मात्र तीनशे ग्रॅमच्या आसपास! म्हणजे तेच थोडे रेणू पुनःपुन्हा मोडले आणि घडवले जातात. गाठीची शिल्लक जेमतेम काही सेकंदांची. म्हणूनच हृदयस्नायूच्या पेशीचा जवळजवळ एक-तृतीयांश भाग तंतुकणिकांनी व्यापलेला असतो. याच त्या भट्ट्या.

भट्टीत जळते ते प्रामुख्याने मेदाम्ल, आणि काही अंशी साखर. त्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन तंतुकणिकेच्या आतल्या पटलावरील प्रथिनांच्या साखळीतून हातोहात पुढे जातात आणि अखेरीस प्राणवायूला मिळून पाणी होते. या साखळीतला एक छोटा हमाल म्हणजे सायटोक्रोम सी. त्याचे नाव घेताना मराठी माणसाने क्षणभर थांबावे. केंब्रिजमध्ये संशोधन करताना कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, यांनी वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी असते हे बटाट्यावरील कामातून दाखवले आणि १९३९ साली पीएच.डी. मिळवली. बटाट्याची आणि हृदयाची भट्टी एकाच तत्त्वावर चालते, ही गोष्ट मला आजही थक्क करते. आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या जीवरसायनशास्त्र विभागातही उंदरांच्या तंतुकणिकांवर पुष्कळ काम झाले आहे.

साखळीतून काही इलेक्ट्रॉन मध्येच निसटतात आणि प्राणवायूला अवेळी भेटतात. त्यातून सुपरऑक्साइड हे मुक्त मूलक जन्मते. पेशीजवळ त्याची तरतूद असते : १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी ओळखलेले सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते आणि ग्लुटाथायोनच्या साहाय्याने त्याचेही पाणी होते. ठिणग्या विझवणाऱ्यांपेक्षा ठिणग्या अधिक झाल्या, की तो ऑक्सिडीकरणाचा ताण.

लोहाराच्या भट्टीतली ठिणगी उडून भात्यालाच भोक पडावे, तसे मग होते. इंधनचक्रातले अकॉनिटेज हे विकर आपला लोह-गंधकाचा गाभा गमावून बसते. एटीपीची ऊर्जा आकुंचनाच्या जागी पोचवण्यास मदत करणारे क्रिएटिन कायनेज मंदावते. सर्वांत वाईट गत कार्डिओलिपिनची. हा मेदरेणू आतल्या पटलात सायटोक्रोम सीला धरून ठेवतो. त्याचे ऑक्सिडीकरण झाले की ही पकड सुटते. साखळी अडखळते, अडखळल्यामुळे आणखी इलेक्ट्रॉन निसटतात. सायटोक्रोम सी तंतुकणिकेबाहेर पडले, तर तेच पेशीला मरणाचा संदेश देते. हे १९९६ साली उघड झाले. घरचा हमाल काळदूत व्हावा, असाच हा प्रकार!

हृदयविकाराच्या झटक्यात हे नाट्य मिनिटांत घडते. रोहिणी बंद असताना पेशीत सक्सिनेट साठत जाते. रक्त परत येताच ते भराभर जळते, काही इलेक्ट्रॉन साखळीत उलटे वाहतात आणि सुपरऑक्साइडचा लोट उठतो. उंदरांवरील प्रयोगांतून २०१४ साली हे स्पष्ट झाले. म्हणून रोहिणी उघडूच नये, असे मात्र कोणी समजू नये. अर्ध्या तासाच्या आतबाहेरच पेशी कायमच्या मरू लागतात. छातीत कळ आल्यावर सोडा पिऊन वाट पाहणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

‘मग ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्याव्यात का?’ असे माजी विद्यार्थी हमखास विचारतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या नऊ हजारांहून अधिक व्यक्तींवर सुमारे साडेचार वर्षे ही परीक्षा झाली. ई जीवनसत्त्वाने झटके कमी झाले नाहीत. बाहेरून घातलेले औषध नेमक्या भट्टीपाशी पुरेसे पोचत नसावे, हे एक कारण. शिवाय थोड्या ठिणग्या पेशीला निरोपासाठी लागतात, त्या सरसकट विझवून चालत नाही. तंतुकणिकेचा अंतर्भाग ऋणभारित असतो. म्हणून काही संशोधकांनी औषधाला धनभारित शेपूट जोडून ते तेथे ओढले जाईल, अशी युक्ती योजली आहे. प्राण्यांत ती आशादायक ठरली. हृदयरोग्यांसाठीचा नेहमीचा उपचार ती अद्याप झालेली नाही.