६१७४ : चमत्कार की नियम?

श्रोतेहो, चार अंकी कोणतीही एक संख्या मनात धरा. चारही अंक सारखे नसावेत, एवढीच अट. तिचे अंक आधी उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने; आणि मोठ्या संख्येतून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर हीच क्रिया पुन्हा करा.

आपण १९०५ घेऊ. ९५१० मधून ०१५९ वजा जाता ९३५१ उरतात. पुढे क्रमाने ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीस ६१७४ येते. आता ७६४१ मधून १४६७ वजा करा. पुन्हा ६१७४च! येथे वाट संपली.

१९०५ ही संख्या मी मुद्दाम घेतली. ह्या गमतीचा शोध लावणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर ह्यांचे ते जन्मसाल. जन्म डहाणूचा, महाविद्यालयीन शिक्षण पुण्यास फर्ग्युसनमध्ये, आणि हयात गेली देवळालीच्या शाळेत मास्तरकी करण्यात. १९४९ साली त्यांनी हा शोध मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. १९५५ साली तो ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ ह्या अमेरिकन नियतकालिकात छापून आला. तथापि, ही तर नुसती करमणूक, ह्यात गणित ते कोठे, असेच पुष्कळांना वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर ह्यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर झाले.

त्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. एका उदाहरणाने काहीच सिद्ध होत नाही, शंभरांनीही नाही. १००० ते ९९९९ ह्यांत आपल्या अटीत बसणाऱ्या ८९९१ संख्या आहेत. त्यांतील एखादी निसटत नसेल कशावरून? गणित सुरू होते ते ह्या प्रश्नापाशी.

उतरत्या क्रमातील पहिला अंक मोठ्या संख्येत हजारांच्या घरात असतो, लहान संख्येत एककांच्या. म्हणजे त्याच्यामुळे उत्तरात त्याची ९९९ पट मिळते, आणि चौथ्या अंकामुळे तितकीच पट वजा होते. दुसऱ्या व तिसऱ्या अंकांचा हिशेब असाच, पण ९० पटीचा. तेव्हा उत्तर केवळ दोन फरकांवर ठरते : पहिल्या-चौथ्यातील फरकाची ९९९ पट, अधिक दुसऱ्या-तिसऱ्यातील फरकाची ९० पट. १९०५चे फरक ९ आणि ४. म्हणून ८९९१ अधिक ३६०, म्हणजे ९३५१.

आता पहिला फरक १ ते ९ पैकी कोणताही असेल, आणि दुसरा शून्यापासून फार तर पहिल्याइतका. अशा जोड्या होतात अवघ्या ५४. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत ८९९१ संख्या ५४ उत्तरांत गोळा होतात! तेवढी उत्तरे कागद-पेन्सिल घेऊन एका दुपारी तपासून होतात, आणि सर्वच्या सर्व ६१७४ला जाऊन मिळतात. मात्र ०९९९ असे उत्तर आले, तर पुढचे शून्य गाळू नये. गाळले की ९९९ मधून ९९९ जाऊन हाती भोपळा उरतो.

चमत्कार म्हणून पाहिला तो नियम ठरला, आणि तो शाळेतल्या वजाबाकीने उलगडला. आज घरी गेल्यावर आपापले जन्मसाल घेऊन बसा. कोणत्याही सालाला सातांहून अधिक वजाबाक्या लागत नाहीत. आपल्याला लागल्या, तर चूक संख्येत शोधू नका, हातच्यात शोधा!