पानाचा जमाखर्च

लातूर जिल्ह्याच्या पूर्वेस, कर्नाटकातील बिदर जिल्ह्याला लागून असलेल्या देवणी तालुक्याची जमीन दख्खनच्या काळ्या कातळाच्या झिजेतून बनलेली असून तिच्यावर पडणारा पाऊस प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. उरलेले आठ महिने झाडाझुडपांना आणि पिकांना मातीत मुरलेल्या ओलाव्यावर काढावे लागतात. ऊन सर्वांना सारखे आणि पाऊसही सर्वांवर सारखाच, तरीही या शिवारातील बाभळीचे पान नखाहून बारीक पर्णिकांचे, वडाचे तळहाताएवढे व जाड, ज्वारीचे तलवारीसारखे लांब, तर निवडुंगाचे नुसत्या काट्यापुरते उरलेले असते. या विविधतेमागे एकच अडचण आहे. ज्या अवयवाने अन्न मिळवायचे, त्याच अवयवातून पाणी निसटते. त्यामुळे पानाचा आकार, त्याची जाडी, त्याचे मिटणे आणि त्याचे गळणे या सर्वांकडे वनस्पतीने पाण्याचा मांडलेला जमाखर्च म्हणून पाहता येते, आणि जेथे पाणी कमी तेथे हा हिशेब अधिक ठळकपणे वाचता येतो.

हिरव्या पात्यातील कारखाना

पानाचे पाते वरकरणी पातळ दिसत असले तरी त्यात अनेक थर असतात. सर्वांत बाहेर मेणचट, पाणी न झिरपू देणारे आवरण असते, त्यास उपत्वचा म्हणतात. तिच्या आत पारदर्शक पेशींचा थर आणि त्याखाली हरितद्रव्याने भरलेल्या पेशी असतात. हरितद्रव्य सूर्यप्रकाशातील तांबडा व निळा भाग प्रामुख्याने शोषून घेते आणि हिरवा भाग त्या मानाने अधिक परावर्तित होतो, म्हणून पान हिरवे दिसते. शोषलेल्या प्रकाशाच्या बळावर मुळांनी पाठवलेले पाणी आणि हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते. या क्रियेस प्रकाशसंश्लेषण असे नाव आहे. हिरवे भाग उजेडातच हवा शुद्ध करतात, हे यान इंगेनहाउझ या डच वैद्याने 1779 साली प्रयोगांनी दाखवून दिले, तर या क्रियेत बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधून नव्हे, तर पाण्यातून येतो, हे 1941 साली रुबेन आणि केमन या संशोधकांच्या प्रयोगांतून पुढे आले. पानावर दिसणाऱ्या शिरा या कारखान्याच्या दुहेरी वाटा होत: त्यांतील जलवाहिन्या मुळांकडून पाणी व क्षार आणतात आणि रसवाहिन्या तयार झालेली साखर खोड, मुळे, फुले व दाण्यांकडे पोचवतात. शेतकरी ज्याला दाणा भरणे म्हणतो, ते बहुतांशी पानांत तयार झालेल्या साखरेचे स्थलांतर असते.

कार्बन डायऑक्साइडचे हवेतील प्रमाण अवघे 0.04 टक्क्यांच्या आसपास असल्याने तो मिळवण्यासाठी पानाला आपली दारे उघडी ठेवावी लागतात. ही दारे म्हणजे पर्णरंध्रे. डोळ्यांना न दिसणारी ही छिद्रे बहुतेक झाडांत पानाच्या खालच्या, सावलीच्या बाजूस अधिक असतात आणि प्रत्येक छिद्राच्या दोन्ही अंगांना असलेल्या रक्षक पेशी पाण्याने फुगल्या की छिद्र उघडते, सैलावल्या की मिटते. मात्र ज्या दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो, त्याच दारातून पानातील वाफ बाहेर जाते. या क्रियेस बाष्पोत्सर्जन म्हणतात, आणि मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी 95 टक्क्यांहून अधिक पाणी अशा रीतीने हवेत जाते. हा खर्च सर्वस्वी वाया जात नाही, कारण पानातून पाणी उडते म्हणूनच जलवाहिन्यांतील पाण्याचा स्तंभ वर ओढला जातो, त्याबरोबर मातीतील क्षार शेंड्यापर्यंत पोचतात आणि तापलेले पाते थंड राहते. वैशाखातही कडुनिंबाखालची सावली पत्र्याच्या सावलीपेक्षा गार लागते, त्याचे एक कारण हेच आहे.

ज्वारी आणि सोयाबीन यांचे दोन हिशेब

हा खर्च कोणत्या पिकाला किती येतो, याचे उत्तर देवणीच्या दोन मुख्य पिकांत मिळते. एक ग्रॅम कोरडा पाला-दाणा तयार करण्यासाठी ज्वारीला ढोबळमानाने 300 ग्रॅम पाणी लागते, तर सोयाबीनला त्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक. या फरकाचे मूळ पानाच्या अंतर्रचनेत आहे. ज्वारीच्या पानातील बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइडला आधी चार कार्बन-अणूंच्या संयुगात बांधतात आणि शिरांभोवतीच्या पेशींकडे पोचवतात, तेथे तो एकवटतो व त्याची साखर बनते. त्यामुळे रंध्रे कमी उघडी ठेवूनही काम भागते. उसातही आढळणारा हा मार्ग हॅच आणि स्लॅक या संशोधकांनी ऑस्ट्रेलियात 1966 च्या सुमारास स्पष्ट केला. ज्वारीच्या पात्यावर व धांड्यावर दिसणारा पांढुरका मेणाचा थर वाफ रोखतो, आणि ओलावा संपू लागला की पात्याच्या वरच्या अंगातील मोठ्या, पातळ भिंतींच्या पेशी आधी सैलावतात व पाते पन्हाळीसारखे आत वळते, त्यामुळे उन्हाला सामोरा जाणारा भाग घटतो. पेरणीनंतर पाऊस जवळजवळ न होताही काळ्या जमिनीतल्या ओलाव्यावर रब्बीची मालदांडी ज्वारी उभी राहते, ती या काटकसरीच्या बळावर.

सोयाबीनचा मार्ग वेगळा आहे. श्रावणात पावसाने ताण दिला की भर दुपारी त्याची त्रिदली पाने उन्हाशी समांतर उभी राहतात किंवा खालची फिकट बाजू वर करतात, आणि दुरून पाहणाऱ्याला सारे शेत चंदेरी झाल्यासारखे दिसते. प्रत्येक पर्णिकेच्या तळाशी असलेल्या फुगीर सांध्यातील पेशी पाणी आत-बाहेर करतात, त्यातून ही हालचाल घडते. अशाच सांध्यांमुळे चिंचेची पाने रात्री मिटतात, आणि हे मिटणे ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात अलेक्झांडरच्या आरमारातील आंद्रोस्थेनीस याने इराणच्या आखातातील एका बेटावर नोंदवले होते.

पान केवळ उन्हापासूनच नव्हे, तर खाणाऱ्यापासूनही स्वतःला जपते. ज्या तालुक्याचे नाव वान्नेरा, बालंक्या आणि शेवरा या तीन प्रकारांच्या देवणी गोवंशाने दूरवर नेले, तेथे कोवळ्या ज्वारीत जनावर शिरू देऊ नये हे पशुपालकांना पक्के ठाऊक असते. कोवळ्या पात्यांत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि पाते चावले गेले की पेशी फुटून त्यापासून विषारी प्रुसिक आम्ल सुटते. पावसाने ताण दिलेल्या किंवा कापणीनंतर पुन्हा फुटलेल्या ज्वारीत त्याचे प्रमाण वाढते, तर पीक पक्व होऊन कडबा वाळला की ते बरेच उतरते. हरभऱ्याच्या पानांवरील ग्रंथियुक्त केस मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ले स्रवतात, तीच आंब. रात्री शेतावर पांढरे फडके पसरून पहाटे ते पिळून घेण्याची जुनी रीत या स्रावावरच उभी आहे.

पळसाला पाने तीनच

झाडांना पिकांसारखे चार महिन्यांत आटोपता येत नाही. बाभळीने आपले पान इतक्या बारीक पर्णिकांत वाटले आहे की वारा लागताच उष्णता निघून जाते, आणि तिच्या देठाशी असलेले काटे म्हणजे रूपांतरित उपपर्णे, अर्थात देठाच्या बुडाशी येणारी लहान पानसदृश जोडी. निवडुंगाने तर पाने काट्यांपुरती ठेवून अन्न बनवण्याचे काम हिरव्या खोडाकडे दिले. पळसाची पर्णिका मोठी, चामड्यासारखी आणि खालून लवदार असते. ती टिकाऊ असल्यामुळेच काड्यांनी टाचून तिच्या पत्रावळी होत आल्या, आणि कुठेही जा, पळसाला पाने तीनच, ही म्हण एका त्रिदली पानाच्या अचूक निरीक्षणावर बेतली गेली.

मात्र एवढे टिकाऊ पानही पळस उन्हाळ्याच्या तोंडावर टाकून देतो. पानगळ हा झाडाचा पराभव नसून आधी ठरलेला व्यवहार असतो. ओल कमी होऊ लागली की झाड पानातील सुमारे निम्मे नत्र व स्फुरद परत खोडात ओढून घेते, हरितद्रव्य मोडते आणि आधीपासून असलेली पिवळी-नारिंगी द्रव्ये उघडी पडतात. त्याच काळात देठाच्या तळाशी नाजूक पेशींचा विलगन-थर तयार होतो, तेथून पान सुटते आणि जखम भरून निघते. मराठवाड्यात ज्याला नुसते लिंब म्हणतात, तो कडुनिंब माघ-फाल्गुनात पाने झाडतो आणि पाडव्याच्या सुमारास, पावसाला दोन-अडीच महिने अवकाश असताना, तांबूस पालवी धारण करतो. खोलवर गेलेल्या मुळांचे पाणी आणि खोडात साठवलेले अन्न यांवर ही नवी पाने फुटतात, आणि पाऊस येताच ती पूर्ण क्षमतेने कामाला लागतात. गुढीला बांधल्या जाणाऱ्या त्या कोवळ्या डहाळीत झाडाची मागील वर्षाची बचत असते.

आरोग्यपत्रिका आणि वारसा

पान हे पिकाच्या तब्येतीचे सर्वांत आधी वाचता येणारे पत्रकही आहे. नत्र वनस्पतीत सहज हलू शकते, म्हणून त्याची उणीव झाली की पीक जुन्या पानांतील नत्र शेंड्याकडे पाठवते आणि खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह मात्र असे हलत नाही, म्हणून चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत त्याची उणीव होताच शेंड्याची नवी पाने पिवळी होऊन त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. याउलट पानावर हिरव्या-पिवळ्या रंगाचे विखुरलेले चट्टे दिसले, तर ती अन्नद्रव्याची उणीव नसून पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक हा विषाणूजन्य रोग असण्याची शक्यता असते, आणि त्यावर खत टाकून काहीच साधत नाही. पिवळेपणा कोणत्या पानापासून सुरू झाला, एवढा एक प्रश्न नीट विचारला तरी चुकीचा खर्च वाचतो.

पानाचे काम गळल्यावरही संपत नाही. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या जिल्ह्यात मातीने धरून ठेवलेल्या प्रत्येक थेंबाला मोल आहे, आणि जमिनीवर पसरलेला पाचोळा ऊन थेट मातीला लागू देत नाही, बाष्पीभवन कमी करतो, बुरशी व गांडुळांचे अन्न होतो आणि कुजून ज्या सेंद्रिय कर्बात बदलतो, तो पाणी आणि क्षार दोन्ही धरून ठेवतो. बांधावरचा पाला, उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट पेटवले की त्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जाते. झाडाने परत न घेता मातीसाठी सोडलेला निम्मा वाटा तेवढ्यापुरता हिशेबातून पुसला जातो.

दिवाळीच्या दिवसांत देवणीच्या शिवारात हा हिशेब एका नजरेत मावतो. काढणीपूर्वी सोयाबीनने झाडलेली पाने सऱ्यांत करडी पडलेली असतात, शेजारच्या तुरी अजून हिरव्या असून आपला पाला थोडाथोडा गाळीत असतात, आणि नुकत्याच पेरलेल्या हरभऱ्याचे पहिले पान त्या कुजत्या थरातून वर येते. त्याची रंध्रे पहाटेच्या दवात उघडतात आणि खरिपाच्या पानांनी जपलेल्या ओलाव्यावर रब्बीचा पहिला खर्च मांडला जातो.