दोन अर्जुनी आणि एक नोंदवही

गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागांत अर्जुनी या नांवाचीं दोन तालुक्याचीं ठिकाणें आहेत. एकास शेजारच्या मोरगांवाची जोड देऊन लोक अर्जुनी मोरगांव म्हणतात. तें गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावर आहे. दुसरें सडक अर्जुनी. मुंबईहून कोलकात्यास जाणारा महामार्ग त्याच्या तालुक्यांतून जातो. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यांत तालुके अवघे आठ, आणि त्यांत नांवाची अशी द्विरुक्ति! पाकिटावर नुसतें ‘अर्जुनी’ लिहिलें, तर परीक्षेचें बोलावणें भलत्याच तालुक्यांत पोंचावयाचें. परीक्षेची तारीख तोंवर थांबत नाहीं.

लोकांनीं नांव बदललें नाहीं, त्यास ओळखीची खूण लावली. टपाल खात्यानें पुढची पायरी गांठली. संस्कृत कवि म्हणूनहि ख्यात असलेले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनीं योजिलेला सहा आंकड्यांचा पिन क्रमांक १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. मुंबईच्या गोरेगांवाचा क्रमांक ४०० नें आरंभ होतो, गोंदियाच्या गोरेगांवाचा ४४१ नें; घोटाळ्यास जागाच उरत नाहीं. दोन्ही अर्जुनींचा आरंभ मात्र ४४१ नेंच होतो, भेद शेवटच्या तीन आंकड्यांत आहे. पण हा क्रमांक टपाल कचेरीचा. एका कचेरीखालीं अनेक खेडीं असतात. प्रत्येक खेड्यास देशभरांत स्वतंत्र असा क्रमांक २०११ च्या जनगणनेंत मिळाला.

याच्या उलट दोष अधिक फसवा असतो : गांव एक, नोंदी दोन. ‘गोंदिया’ आणि ‘गोन्दिया’, किंवा ‘अर्जुनी मोरगांव’ आणि ‘मोरगांव अर्जुनी’, हीं माणसास एकच वाटतात. संगणक चिन्हामागून चिन्ह ताडून पाहतो. त्याच्या लेखीं तीं निराळीं. म्हणून ताडण्यापूर्वीं जादा मोकळ्या जागा काढून, अनुस्वाराचें लेखन एकसारखें करून आणि शब्दांचा क्रम ठरवून घ्यावा लागतो.

एवढ्यानेंहि भागत नाहीं. दोन खिडक्यांवरील दोन कारकुनांनीं एकाच क्षणीं वही चाळली, तर दोघांनाहि ‘अशी नोंद नाहीं’ असेंच दिसेल, आणि दोघेहि ती करतील. त्यामुळें आधीं पाहून मग लिहिण्याची शिस्त अपुरी पडते. एकच नोंद घेण्याचा नियम खुद्द वहींतच असला पाहिजे, म्हणजे दुसरी नोंद लिहितेवेळींच नाकारली जाते.

हा नियम कशावर लावावयाचा, हा प्रश्न नाजूक खरा. तो केवळ नांवावर लावला, तर आधीं आलेली अर्जुनी वहींत राहते आणि दुसरीस दारांतूनच परत जावें लागतें. यासाठीं अट जनगणनेच्या क्रमांकावर घालतात, आणि नांव सारखें आढळल्यास नोंद न अडवितां आधींचें गांव तालुक्यासह कारकुनापुढें ठेवतात.