एका ग्रॅमात पावणेदोन एकर

पावणेदोन एकर म्हणजे सत्तर गुंठे. एवढं क्षेत्र एक ग्रॅम भुकटीच्या आत असतं असं कोणी सांगितलं, तर हिशेबात कुठेतरी दशांश चिन्ह हुकलं असणार असंच आधी वाटतं. पण हिशेब बरोबर आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात ओमार फरहा, जोसेफ हप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘एनयू-११०’ या पदार्थाची मोजणी प्रसिद्ध केली. त्याच्या एका ग्रॅमचं पृष्ठफळ भरलं ७,१४० चौरस मीटर. गुंठा १०१ चौरस मीटरचा, तेव्हा सत्तर गुंठे आणि वर थोडं. तोळाभर घेतलं तर साडेवीस एकर. आपली दोन्ही फुप्फुसं मिळून साधारण किलोभर वजनाची, त्यांत सुमारे ४८ कोटी वायुकोश, आणि त्या सगळ्यांचं पृष्ठफळ जेमतेम गुंठाभर. निसर्गाने कोट्यवधी वर्षं खपून किलोभरात जे साधलं, त्याच्या सत्तरपट माणसाने ग्रॅमभरात बसवलं.

असं क्षेत्र मोजतात कसं? पदार्थ उणे १९६ अंशांपर्यंत थंड करतात आणि त्यावर नायट्रोजन वायू सोडतात. वायूचे रेणू पृष्ठभागाला चिकटत जातात. किती वायू चिकटला हे कळलं की रेणू किती ते कळतं, आणि नायट्रोजनचा एक रेणू किती जागा अडवतो हे ठाऊक असतं: ०.१६२ चौरस नॅनोमीटर. बाकी गुणाकार. ७,१४० चौरस मीटरला या आकड्याने भागलं की उत्तर येतं ४४ वर २१ शून्यं, एवढे रेणू. त्यांचं वजन केलं तर दोन ग्रॅमहून थोडं जास्त. म्हणजे ग्रॅमभर पदार्थाच्या आतल्या भिंतींना नुसता एक थर द्यायचा, तर त्याच्या दुप्पट वजनाचा नायट्रोजन लागतो! मला स्वतःला एकरांपेक्षा हा आकडा जास्त चकित करतो. भिंती किती पातळ असतील आणि आत किती मोकळं असेल, ते यातून कळतं.

या पदार्थांच्या कुळाचं नाव धातू-सेंद्रिय चौकटी. प्रयोगशाळेत त्यांना सरळ ‘मॉफ’ म्हणतात. धातूचे आयन म्हणजे कोपरे, कार्बनी रेणू म्हणजे कोपरे जोडणाऱ्या दांड्या, आणि मध्ये रिकाम्या खोल्या. २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल यासाठीच रिचर्ड रॉबसन, सुसुमु कितागावा आणि ओमार याघी या तिघांना मिळालं.

यातल्या रॉबसन यांची गोष्ट सावकाश सांगण्यासारखी आहे. १९७४ मध्ये ते मेलबर्न विद्यापीठात शिकवत होते. विद्यार्थ्यांना रेणूंची रचना दाखवायची होती, त्यासाठी लाकडी गोळे म्हणजे अणू आणि काड्या म्हणजे बंध. गोळ्यांना भोकं पाडून घ्यायला ते विद्यापीठाच्या वर्कशॉपकडे गेले. भोकं कुठेही पाडून चालत नाही. कार्बनच्या गोळ्याला एका कोनात, क्लोरीनच्या गोळ्याला वेगळ्या, त्यामुळे प्रत्येक गोळ्यावर खुणा करून द्याव्या लागल्या. गोळे आले, रॉबसन यांनी ते जोडायला घेतले, आणि त्यांच्या लक्षात आलं की रेणूचा आकार त्या भोकांच्या जागांतच ठरून गेलेला आहे. काडी बसवली की रचना आपोआप योग्य होते. मग खऱ्या अणूंच्या या ओढीचा वापर करून आपल्याला हवी ती इमारत बांधता येणार नाही का? हा प्रश्न त्यांनी दहा वर्षांहून जास्त काळ मनात ठेवला. पुढे हिऱ्याची रचना नमुना म्हणून समोर ठेवली, तांब्याचे आयन आणि चार हातांचा एक रेणू एकत्र आणले. हिऱ्यासारखा स्फटिक तयार झाला, फरक इतकाच की आत प्रचंड पोकळ्या होत्या. तो शोधनिबंध आला १९८९ मध्ये.

ती पहिली बांधणी ठिसूळ होती आणि पुष्कळांना ती निरुपयोगी वाटली. क्योतोच्या कितागावांचे अनुदानाचे अर्ज नाकारले गेले, तरी त्यांनी १९९७ मध्ये अशा चौकटीत वायू भरून आणि बाहेर काढून दाखवला. याघींनी १९९९ मध्ये ‘मॉफ-५’ केली. ती रिकामी असताना ३०० अंशांपर्यंत तापवली तरी ढासळली नाही. तिथून हे क्षेत्र असं वाढलं की आज अशा हजारो चौकटी माहीत आहेत.

याघी जॉर्डनमधल्या अम्मानचे, पॅलेस्टिनी निर्वासितांच्या घरातले. घरात वीज नव्हती, नळाचं पाणी नव्हतं. दहा वर्षांचे असताना शाळेच्या एरवी बंद असणाऱ्या ग्रंथालयात ते गुपचूप शिरले आणि हाती आलेल्या एका पुस्तकात गोळ्या-काड्यांची चित्रं पाहिली. पुढे अमेरिकेत याच माणसाने हवेतून पाणी काढणारी चौकट केली. एमआयटीच्या एव्हलिन वांग यांच्यासोबत २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात त्यांनी दाखवलं, की हवेत अवघी वीस टक्के आर्द्रता असली तरी एक किलो ‘मॉफ-८०१’ नुसत्या उन्हाच्या उष्णतेवर दिवसाला २.८ लिटर पाणी देऊ शकते. रात्री चौकट हवेतली वाफ धरते, दिवसा उष्णतेने सोडते. सत्तर गुंठ्यांच्या आकड्यापुढे २.८ लिटर किरकोळ दिसतात. माझ्या लेखी तो मोठा आकडा आहे. ज्याने लहानपणी पाण्याची वाट पाहिली, त्याने ते वाळवंटी हवेतून काढलं आहे.

पूर्वी अचाट आकडे म्हटलं की आपण आकाशाकडे पाहायचो: प्रकाशवर्षं, दीर्घिका, ताऱ्यांची संख्या. गेल्या काही वर्षांत संशोधनातले सगळ्यात दिपवणारे आकडे आत, लहानाच्या पोटातून येताहेत. आणि आकडा किती शून्यांचा आहे यापेक्षा तो किती चिमूटभर जागेत मावतो, याने छाती दडपते.

प्रथिनांचंच पाहा. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. पण ती घडी घालून ठरावीक आकारात बसली तरच कामाची. सायरस लेव्हिंथल यांनी १९६९ मध्ये हिशेब केला होता की एका साखळीला किती प्रकारे घडी पडू शकेल: १ वर ३०० शून्यं. दृश्य विश्वातल्या अणूंची संख्या साधारण १ वर ८० शून्यं मानतात, त्याच्या पुढे ही कितीतरी. एकेक घडी तपासत बसलं तर विश्वाचं वय पुरणार नाही. पेशीतलं प्रथिन मात्र बहुधा सेकंदाच्या लहानशा भागात अचूक घडी घालतं. सगळे कोन शक्य नसतातच, हे जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मद्रासमध्ये १९६३ मध्ये दाखवलं होतं. अणू एकमेकांवर आदळतील असे कोन त्यांनी आलेखातून बाद केले. प्रथिनाची नवी रचना बरोबर आहे का, हे आजही रामचंद्रन आलेखावर ताडून पाहतात.

मॅक्स पेरुट्झ यांनी हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या मागे लागायला १९३७ मध्ये सुरुवात केली आणि रचना हाती यायला दोन दशकांहून जास्त काळ गेला. प्रथिनांच्या रचनांचा जागतिक संग्रह १९७१ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात सात नोंदी होत्या. पन्नास वर्षांच्या जागतिक कष्टांनंतर, २०२२ च्या सुमाराला, त्या १ लाख ९० हजारांच्या घरात गेल्या. आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये डीपमाइंड कंपनीच्या अल्फाफोल्ड या संगणक-प्रणालीने २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या रचनांचे अंदाज सगळ्यांसाठी खुले केले. एका रचनेला एका संशोधकाची चार-पाच वर्षं लागायची, हा जुना ठोकताळा धरला तर ते शंभर कोटी माणूस-वर्षांचं काम होतं. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ च्या नोबेलमधला वाटा त्यासाठीच मिळाला. इथे एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे: हे अंदाज आहेत. त्यांतले सुमारे ३५ टक्केच अतिशय अचूक मानले गेले. आणि यंत्राला शिकायला मिळालं ते त्या पावणेदोन-दोन लाख रचनांमुळे, ज्या हाताने, स्फटिक वाढवून, क्ष-किरण टाकून माणसांनी काढल्या होत्या. वीस कोटींचं कौतुक करताना ते दोन लाख विसरले जातात, याचं मला वाईट वाटतं.

आता वाळूच्या कणाएवढा मेंदू.

फ्रान्सिस क्रिक यांनी १९७९ मध्ये लिहिलं होतं की मेंदूच्या एका घन मिलिमीटरमधल्या जोडण्यांचा नेमका नकाशा आणि त्यातल्या सगळ्या पेशी कशा चेततात याची नोंद मागणं म्हणजे अशक्य गोष्ट मागणं. ९ एप्रिल २०२५ ला ‘नेचर’च्या अंकात नेमकी तीच गोष्ट छापून आली. उंदराच्या मेंदूतला, दृष्टीचं काम पाहणारा एक घन मिलिमीटर. ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात त्या उंदराला चित्रफिती दाखवल्या, त्यांत ‘मेट्रिक्स’ सिनेमाचे तुकडेही होते, आणि तो पाहत असताना सुमारे ७५ हजार चेतापेशींची हालचाल टिपली. मग तोच भाग सिॲटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटमध्ये गेला.

तिथे जे झालं ते जवळून पाहावं असं आहे. त्या कणाच्या २८ हजारांच्या आसपास चकत्या करायच्या होत्या, एकेक ४० नॅनोमीटर जाडीची. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा दोनेक हजार चकत्या बसतील. सुरी हिऱ्याची. कापलेली चकती पातेलीएवढ्याही नसलेल्या पाण्याच्या तळ्यावर तरंगते आणि तिथून फितीवर उचलली जाते. एखाददुसरी चकती गेली तर चालतं. लागोपाठ बऱ्याच गेल्या तर चेतापेशींच्या तारा मध्येच तुटतात आणि अलीकडची तार पलीकडे कुठे गेली ते ओळखता येत नाही, म्हणजे वर्षांची मेहनत वाया. म्हणून बारा दिवस आणि बारा रात्री माणसं पाळ्या लावून यंत्रापाशी बसली. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रत्येक चकतीचे फोटो, आणि मग प्रिन्स्टनमध्ये सबॅस्टियन सुंग यांच्या गटाने ते फोटो संगणकाकडून एकमेकांना जोडून घेतले.

हाती आलं ते असं. दोन लाखांहून जास्त पेशी, त्यांतल्या ८४ हजार चेतापेशी. त्यांच्या लांब तारांची एकूण लांबी चार किलोमीटर. आणि एका पेशीने दुसरीला निरोप द्यायच्या जागा, म्हणजे सायनॅप्स, ५२ कोटी ३० लाख. सेकंदाला एक या वेगाने, न झोपता मोजायला बसलं तर साडेसोळा वर्षं. रोज आठ तासांची नोकरी धरली, सुट्टी नाही, तर पन्नास वर्षं. म्हणजे माणसाची अख्खी हयात एका कणापायी. एकूण माहिती १.६ पेटाबाइट, १६ लाख गिगाबाइट.

माणसाच्या मेंदूचाही एवढाच तुकडा आदल्या वर्षी, मे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. हार्वर्डचे जेफ लिक्टमन आणि गूगल यांचं ते काम. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत एका ४५ वर्षांच्या बाईच्या मेंदूतून जो भाग काढावाच लागला होता, त्यातला तो. ५७ हजार पेशी, १५ कोटी सायनॅप्स, २३ सेंटिमीटर रक्तवाहिन्या, १.४ पेटाबाइट. त्यात एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एक चेतापेशी दुसरीला बहुतेक वेळा एका जागीच जोडलेली असते. पण क्वचित एखादी जोडी पन्नासेक जागी घट्ट बांधलेली सापडली. का, ते अजून उलगडलेलं नाही. आपला मेंदू अशा बाराएक लाख घन मिलिमीटरचा. त्याचा याच तपशिलाचा नकाशा साठवायचा तर १७० कोटी टेराबाइट लागतील.

तिथवर पोचायला किती वेळ आहे हे कळण्यासाठी आतापर्यंतची चाल पाहावी. १९८६ मध्ये केंब्रिजच्या सिडनी ब्रेनर यांच्या गटाने एका मिलिमीटरच्या कृमीची पूर्ण चेतासंस्था कागदावर आणली: ३०२ चेतापेशी, आणि त्यापायी दशकाहून जास्त काळ. नंतरची मोठी पायरी आली ऑक्टोबर २०२४ मध्ये, प्रौढ फळमाशीचा संपूर्ण मेंदू. खसखशीच्या दाण्यापेक्षाही लहान अशा त्या मेंदूत १,३९,२५५ चेतापेशी आणि पाच कोटींवर जोडण्या निघाल्या. पेशींचे प्रकारच ८,४०० हून जास्त, त्यांतले निम्म्याहून अधिक पूर्वी कोणाला माहीत नव्हते. संगणकाने तारा शोधल्या, पण तो चुकतो: दोन तारांना एक समजतो, एकीचे दोन तुकडे करतो. त्या चुका माणसांनी डोळ्यांनी तपासून सुधारल्या. त्यात संशोधक होते, तसेच हौसेने आलेले स्वयंसेवकही. ती दुरुस्ती ३३ माणूस-वर्षांची होती.

उंदराच्या पूर्ण मेंदूत सुमारे सात कोटी चेतापेशी असतात. माशीच्याच दराने गेलं तरी दुरुस्तीला साडेसोळा हजार माणूस-वर्षं लागतील, आणि उंदराच्या पेशींच्या तारा माशीच्या तारांहून कितीतरी लांब आणि फाटे फुटलेल्या, म्हणजे प्रत्यक्षात याहून जास्तच. प्रसिद्ध झालेल्या त्या एका घन मिलिमीटरमध्येही बारकाईने तपासून झालेल्या पेशी एकूण पेशींचा लहानसा भाग आहेत. त्यामुळे या क्षेत्रातला खरा जोर आता चकत्या कापण्यावर किंवा फोटो काढण्यावर राहिलेला नाही; कमी चुकणारं सॉफ्टवेअर कोण करतो, यावर आला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये या कामासाठी पाच वर्षांकरिता १५ कोटी डॉलर मंजूर केले. हार्वर्ड आणि गूगल यांनी त्यातून उंदराच्या मेंदूतला स्मृतीशी संबंधित भाग घेतला आहे: १० घन मिलिमीटर, पूर्ण मेंदूच्या दोन-तीन टक्के.