शहराला वळसा, बाईला हेलपाटा

वाशिमहून रोज संध्याकाळी पुण्याच्या ट्रॅव्हल्स सुटतात. त्या वेळी गाड्यांच्या थांब्यावर जाऊन बघा. गव्हाची कट्टी, तुरीची डाळ, लोणच्याची बरणी, पापड-कुरडयांचे डबे डिक्कीत जात असतात आणि एखादी आई खिडकीशी उभी राहून ‘पोचल्याबरोबर फोन करजो’ असं चौथ्यांदा सांगत असते. रिसोड असो, मालेगाव असो, कारंजा, मंगरूळपीर की मानोरा, आता ज्या घरातलं कुणी पुण्यात नाही असं घर शोधावं लागतं. कुणी कंपनीत आहे, कुणी एमपीएससीचा अभ्यास करतंय, तर कुणी सोयाबीनच्या पट्टीत भागत नाही म्हणून नवरा-बायको दोघंही कामाला गेलेत.

म्हणून मैत्रिणींनो, पुण्याचा रिंग रोड, पुण्याची मेट्रो, पुण्याची पीएमपी बस हे विषय पुणेकरांचे आहेत असं समजून आपण ते पान उलटू नये. आपली लेकरं त्या रस्त्यांवर रोज दोन-दोन, तीन-तीन तास घालवतायत.

भाचीच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला वाघोलीला महिनाभर राहून आले. नगर रस्त्याने जाणारी विदर्भ-मराठवाड्याची गाडी पहाटे आधी वाघोलीलाच लागते. त्यामुळे तिकडे आपल्याकडची माणसं इतकी, की भाजीवालीशीही मी वऱ्हाडीत घासाघीस करू शकले! वाघोली हे काही वर्षांपूर्वीपर्यंत ग्रामपंचायतीचं गाव होतं. २०२१ साली जी २३ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यातलं हे एक. ती गावं आल्यावर पुणे महापालिका क्षेत्रफळाने मुंबईपेक्षाही मोठी झाली. २०११ च्या जनगणनेत पुणे-पिंपरीचा सगळा नागरी पट्टा पन्नास लाखांचा होता, आपला अख्खा वाशिम जिल्हा बारा लाखांच्या आत. त्यानंतर ते शहर किती फुगलं असेल, त्याचा अंदाज वाघोलीच्या इमारती बघूनच येतो.

भाचीकडे स्वयंपाकाला येणारी बाई रिसोडकडची निघाली. नवरा रखवालदार, दोन मुलं. सकाळी दोन घरचा स्वयंपाक उरकून ती हडपसरकडे एका कारखान्यात पॅकिंगला जायची. नकाशावर बघितलं तर वाघोली आणि हडपसर ही शहराच्या एकाच, म्हणजे पूर्वेच्या अंगाला. मी आपलं सहज म्हटलं, ‘‘जवळच आहे की मग.’’ तर ती हसली. म्हणाली, ‘‘ताई, नकाशात जवळ हाये. वाघोलीहून खराडीपर्यंत एक, तिथून मुंढव्याकडून दुसरं, मंग पायी. बस येते तं येते, नाई तं शेअर रिक्षा. अन् रिक्षात बसलं का रोजातले पैसे गेलेच समजा.’’

तिच्या या एका वाक्यात शहराच्या वाहतुकीचं सगळं दुखणं आलं, असं मला वाटतं. आपल्याकडे जसे सगळे रस्ते एसटी स्टँडकडे जातात, तसे पुण्यातले बहुतेक मुख्य बसमार्ग स्वारगेट, पुणे स्टेशन, महापालिका भवन, डेक्कन अशा मधल्या ठिकाणांकडे धावतात. बाहेरून आत जायला बस मिळते. पण कडेच्या एका उपनगरातून कडेच्याच दुसऱ्या उपनगरात जायचं, तर आत जाऊन पुन्हा बाहेर या, नाहीतर तुकड्यातुकड्याने जा. मेट्रोचंही तसंच. ६ मार्च २०२२ ला पुण्याची मेट्रो सुरू झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारातून पोचली. एक मार्ग पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट, दुसरा वनाज ते रामवाडी. दोन्ही एकमेकींना जिल्हा न्यायालयाच्या स्थानकात छेदतात, बेरजेच्या चिन्हासारख्या. गाडी छान आहे, गार आहे, स्वच्छ आहे, बाईमाणसाला निर्धास्त वाटतं. पण चिन्हाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं तर मध्यातूनच जावं लागतं. आणि वाघोलीची बाई रामवाडीपर्यंत जाणार कशी, हा प्रश्न उरतोच. रामवाडीच्या पुढे वाघोलीपर्यंतच्या मार्गाला केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये मंजुरी दिली आहे. मंजुरी ते गाडी यात किती वर्षं जातात, ते अकोला-पूर्णा मीटरगेजची ब्रॉडगेज होताना आपण बघितलेलंच आहे.

आता गंमत पाहा. कडेकडेने फिरणारी सार्वजनिक वाहतूक हवी, हे पुण्याला सुचलं नव्हतं असं नाही. १९८७ च्या विकास आराखड्यातच शहरात गोल फिरणारा असा एक मार्ग आखून ठेवला होता. एचसीएमटीआर हे त्याचं जड नाव. साधारण पस्तीस किलोमीटरचा, बोपोडी, विद्यापीठाचा भाग, पौड फाटा, स्वारगेट, वानवडी, मुंढवा, विमाननगर, विश्रांतवाडी असं कडं करणारा. रस्ता मुळात सार्वजनिक वाहतुकीसाठी. म्हणजे मध्ये न शिरता बाजूबाजूने जाता यावं. त्या साली जन्मलेल्या मुलींना आता स्वतःची मुलं झाली, पण तो मार्ग काही झाला नाही. पुढे तो उन्नत करायचं ठरलं, आणि त्या नव्या आराखड्यात सहापैकी चार मार्गिका खाजगी वाहनांना आणि दोन बसला! ज्याच्यासाठी ताट वाढलं, त्यालाच पंगतीच्या टोकाला बसवल्यासारखं झालं. टेकड्यांचं आणि झाडांचं नुकसान होईल म्हणून नागरिकांनी विरोध केला, निविदा अंदाजापेक्षा फार चढ्या आल्या आणि त्या रद्द झाल्या. नंतर त्याच मार्गावर निओ मेट्रोची चर्चा झाली.

दुसरीकडे वाहनांसाठीचे रिंग रोड मात्र पुढे सरकतायत. राज्य रस्ते विकास महामंडळाचा, शहराच्या पार बाहेरून जाणारा रिंग रोड सुमारे १७० किलोमीटरचा आहे. पूर्व भाग, पश्चिम भाग अशी त्याची विभागणी आहे. मुंबईहून सोलापूरकडे किंवा नगरकडे जाणाऱ्या ट्रकला पुण्यात शिरायचं कारणच काय? ते बाहेरून गेले तर शहराची हवा तरी थोडी बरी होईल. त्यामुळे असा रस्ता नकोच, असं मी म्हणणार नाही. पण हा रस्ता ठरावीक ठिकाणीच चढता-उतरता येईल असा, वेगाच्या गाड्यांसाठीचा. आपला समृद्धी महामार्ग आठवा. कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव, रिसोड तालुक्यांतून तो गेला. मुंबई जवळ आली हे खरं. पण त्याच्या कडेला उभं राहून हात दाखवला तर एसटी थांबते का? शेजारच्या गावी लग्नाला जायला त्या रस्त्याचा काय उपयोग?

रिंग रोडची आणखी एक खोड आहे, ती जगभर दिसली. लंडनभोवतीचा एम-२५ हा १८८ किलोमीटरचा रस्ता १९८६ साली पुरा झाला, आणि थोड्याच वर्षांत त्यावरच गाड्यांच्या रांगा लागल्या. रस्ता झाला की कडेची जमीन महागते, तिथे इमारती उठतात, तिथली माणसं गाड्या घेतात आणि मोकळा वाटणारा रस्ता भरतो. पुण्याचा कात्रज-देहूरोड बायपास एके काळी गावाबाहेरचाच होता. आज त्याच्या दोन्ही अंगांना वस्ती आहे, आणि तो रस्ता माणसं मोठा जीव मुठीत धरून ओलांडतात. नवले पुलाजवळच्या अपघातांच्या बातम्या आपणही वाचतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका वेळी चाळीसच्या वर गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. चांदणी चौकातला जुना पूल पाडून २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवा मोठा पूल आणि रस्त्यांचं जाळं सुरू झालं, तेव्हा गाड्या सुरेख सुटल्या. पण पायी माणसाने पलीकडे जायचं कुठून, हा प्रश्न त्यानंतर लगेच वर्तमानपत्रांत गाजायला लागला.

पायी माणूस म्हटलं की त्यात बाई आलीच. २०११ च्या जनगणनेत पहिल्यांदा देशभर विचारलं गेलं, की कामाला कशाने जाता? पायी जाणाऱ्यांत आणि बसने जाणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघालं, आणि दुचाकीवर पुरुषांचं. घरात एकच गाडी असेल तर ती कोण नेतो, हे काय मी तुम्हाला सांगायला हवं? शिवाय पुरुषाचा प्रवास बहुधा सरळ असतो, घर ते काम, काम ते घर. आपला तसा नसतो. आधी पोराला शाळेत सोडा, मग कामावर जा, येताना सासूबाईंच्या गोळ्या, भाजी, दळण. चार छोटे टप्पे, चार ठिकाणं, आणि ती सगळी आपल्याच भागात. तिला शहराच्या मध्यात नेऊन सोडणारी वेगवान गाडी नको असते. तिला दर दहा मिनिटांनी शेजारच्या उपनगराला जाणारी बस हवी असते.

ती बस वाट बघायला लावते, तेव्हा काय होतं? स्कूटी घेतली जाते. पुण्यातल्या तोंडाला स्कार्फ गुंडाळलेल्या मुली बघून आपल्याला कौतुक वाटतं, मलाही वाटतं. पण त्यातल्या कितीतरी जणींनी हौसेने गाडी घेतलेली नाही, हप्त्यांवर घेतली आहे, कारण बसचा भरवसा नव्हता. पुण्यात वाहनांची नोंद माणसांच्या संख्येच्या पुढे गेल्याची बातमी २०१८ साली आली होती. त्याच पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर बससाठी वेगळी मार्गिका करण्याचा देशातला पहिलावहिला प्रयोग झाला होता, आणि २००७ साली पुणे आणि पिंपरीच्या बससेवा एकत्र करून पीएमपी झाली. बसला स्वतःची वाट, ही कल्पना मला तरी फार शहाणी वाटते. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहराने २००० साली तेच केलं आणि जग ते बघायला गेलं. आपल्याकडे ती धड पुरी झाली नाही, धड जपली गेली नाही. नगर रस्त्यावरची बसची मार्गिका तर २०२३ पासून काढूनच टाकली. कारण काय, तर गाड्यांना अडचण होते.

त्यात १ जून २०२५ पासून पीएमपीचं भाडं वाढलं. कमीत कमी तिकीट पाचाचं दहा रुपये झालं. महिन्याचा पास नऊशेचा दीड हजार. इंधन महागलं, पगार वाढले, बससेवा तोट्यात, हे सगळं कबूल. पण आपल्याकडे मार्च २०२३ पासून एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, म्हणून आमच्या बचत गटातल्या बायका आता महिन्यातून दोनदा माहेरी जातात, दवाखान्यालाही वेळेवर जातात. ती सवलत शहराच्या बसला नाही. म्हणजे रिसोडहून वाशिमला बाई अर्ध्यात येणार, आणि वाघोलीहून कामाला जाताना पूर्ण तिकीट देणार. दिल्लीने २०१९ साली बायकांना शहर बसचा प्रवास मोफत केला, तामिळनाडूने २०२१ मध्ये साध्या बसचा, कर्नाटकाने २०२३ मध्ये. पुण्यानेही २०१८ च्या महिला दिनी ‘तेजस्विनी’ नावाने फक्त महिलांच्या बस सुरू केल्या होत्या. चांगलंच आहे. पण माझ्या मते आधी बस वेळेवर यावी, मग तिचं भाडं कमी व्हावं. न येणारी बस फुकट असून काय करायची?

दिल्लीची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. तिथल्या रिंग रोडवरून वर्षानुवर्षं सरकारी बस गोल गोल फिरते. एक उजवीकडून, एक डावीकडून. नाव ‘मुद्रिका’. त्याहून बाहेरच्या रस्त्यावर ‘बाहरी मुद्रिका’. मुद्रिका म्हणजे अंगठी. जिथे चढाल तिथून पुढचं कुठलंही उपनगर गाठा, मध्ये जायची गरज नाही. म्हणजे रिंग रोडवर बस चालवणं ही काही आकाशातली कल्पना नाही. रस्ता आखतानाच थांब्याची जागा, माणसांना ओलांडायचा पूल, थांब्यावर दिवा आणि छप्पर हे त्यात धरलं तर! नंतर जोडायला गेलं की जागाच उरलेली नसते.

आणि हे पुण्यापुरतंही नाही. आपल्या भागातले मोठे रस्ते चौपदरी झाले, गावांना बायपास मिळाले. खूप छान झालं, धूळ कमी झाली. पण रात्रीच्या कितीतरी खाजगी गाड्या आता गावात येत नाहीत, बायपासवरच उतरवतात. दिवाळीत कॉलेजची मुलगी पहाटे तीनला अंधारात बॅगा घेऊन उभी असते आणि बाप मोटारसायकल घेऊन धावतो. ज्या घरी मोटारसायकल नाही, त्यांनी काय करायचं? आमच्या गटाने यावर दिव्याची आणि निवाऱ्याची मागणी करणारा अर्ज दिला आहे. तुमच्याही गावात देता येईल, कागद लिहायला फार शिक्षण लागत नाही.

त्या रिसोडच्या बाईने हडपसरचं काम सोडलं, असं मी निघायच्या आधी कळलं. आता ती वाघोलीतच चार घरी स्वयंपाक करते. म्हणाली, ‘‘पगार कमी हाये ताई, पण दोन तास वाचतात.’’ कारखान्यात तिचा पीएफ कापला जायचा. आता तो नाही.

जूनमध्ये आपल्या मुली पुण्याला निघतील. खोली बघताना आपण डिपॉझिट विचारतो, पाणी किती वेळ येतं विचारतो, घरमालक कसे आहेत ते विचारतो. सोबत हेही विचारून घ्या, की बसचा थांबा किती पावलांवर आहे. कॉलेजला किंवा ऑफिसला किती गाड्या बदलाव्या लागतात. मेट्रोचं स्थानक जवळ म्हणतात, ते चालत किती मिनिटांवर. मोठा रस्ता ओलांडावा लागतो का आणि कुठून. शेवटची बस कितीला सुटते. जाहिरातीत ‘रिंग रोडपासून पाच मिनिटांवर’ असं लिहिलेलं असेल, तर ती पाच मिनिटं गाडीची की पायाची, तेही विचारा. आणि जमलं तर एकदा स्वतः संध्याकाळी सात वाजता त्या थांब्यावर तिच्यासोबत उभं राहून या.