दुसरं एमबीए करायचंय? आधी ‘कशासाठी’ ते ठरवा

कल्याण : नोकरी करत दूरशिक्षणाने एमबीए केलं, आता मोठ्या संस्थेत पुन्हा करायचंय? मग अर्जात पहिला प्रश्न येणार, दुसरं कशाला? पहिल्याने काय दिलं, काय राहिलं, ते दोन ओळींत सरळ लिहा. पदवीपेक्षा काम दाखवा : भिवंडीच्या गोदामात किती माणसं सांभाळली, किती खर्च वाचवला. शिफारसपत्र रोजचं काम बघणाऱ्या साहेबांकडूनच घ्या. अनुभवी लोकांसाठी आयआयएम अहमदाबादचा 1 वर्षाचा पीजीपीएक्स आहे. त्याला जीमॅट किंवा जीआरई लागते. परदेशातली काही विद्यापीठं एमबीए झालेल्यांना घेतच नाहीत, म्हणून अर्जाची फी भरण्याआधी नियम वाचा. आणि जमीन तारण ठेवण्याआधी हिशेब मांडा : वाढलेल्या पगारात हप्ता बसेल का?